हिंमतरावांच्या नाकाविषयी

॥ श्री काळभैरवनाथ प्रसन्न ॥

मु. पो. सोनारी, ता. परंडा, जि. धाराशिव
रविवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

श्रीयुत वैजनाथराव यांस,

सोनारीहून उत्तरेश्वरचा मनापासून रामराम. वहिनींना नमस्कार, सूनबाईंना आणि लेकरांना आशीर्वाद. इकडे मी बरा आहे (गुडघा सोडून). तुमची खुशाली कळवावी असं पुढं लिहायची रीत आहे, पण तुम्ही कळवणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून तुमची खुशाली मीच लिहून टाकतो: साखर थोडी वाढली असेल, बीपीची गोळी तुम्ही दिवसाआड विसरत असाल, आणि माझ्यावरचा राग अजून उतरला नसेल. काही चुकलं असल्यास दुरुस्त करून उलट टपाली पाठवावं.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. फोन पोळ्यापासून चार वेळा केला. मी विचारतो, पाऊस आहे का, तुम्ही म्हणता आहे, आणि लगेच "ठेवू का, दाजी?" समोरचा माणूस उठायला लागला तर त्याच्या चपला कुठं आहेत हे तरी आपल्याला दिसत असतं. फोनवरून उठणाऱ्याला कसं बसवायचं याची युक्ती मला अजून सापडलेली नाही. पत्राचं बरं असतं. वाचणारा मधूनच उठून गेला तरी लिहिणाऱ्याला कळत नाही, तो आपला लिहीत राहतो.

तर विषय हिंमतरावांच्या नाकाचा. माघात तुम्ही लातूरला पोचल्यावर फोनवरून बजावलंत (फोनची गरज नव्हती, आवाज तसाही इथवर आला असता) की त्या कुत्र्याचं नाक बरं झाल्याशिवाय "दाजी, तुमच्या उंबऱ्याला मी पाय लावणार नाही". तुम्ही पस्तीस वर्षं जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मलमपट्ट्या केल्यात, तेव्हा तुमची अट म्हणजे माझ्यासाठी शासन निर्णयच. त्या निर्णयाची अंमलबजावणी कशी झाली, याचा हा अहवाल समजा. तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही यात येतील. त्या गाळत नाही, कारण ठाऊक असलेलं पुन्हा सांगायलासुद्धा हल्ली कोणी सापडत नाही.

हिंमतराव हे नाव तुमच्या बहिणीनं ठेवलं. आठ वर्षांपूर्वी परंड्याच्या स्टँडवर, माझ्याच गाडीच्या मागच्या चाकाला टेकून बसलेलं हे पिल्लू कमलनं पदरात घालून आणलं. देवळापाशी पहिलंच माकड दिसल्याबरोबर ते पदरातच ओलं झालं, तेव्हा नाव पक्कं झालं. ती त्यांना अहो-जाहो करायची. "अहो हिंमतराव, जेवून घ्या." (मलाही अहोच म्हणायची, पण आवाजात फरक असे, आणि वाढायचा क्रमही पहिला त्यांचाच.) या माघात तिला जाऊन वर्ष झालं. माणसं धीर द्यायला येतात ती तेराव्यापर्यंत. त्यानंतर घरात मी, हिंमतराव आणि भिंतीवरचं घड्याळ. त्यातलं घड्याळ तेवढं वेळेवर चालतं.

आता शिंकेचं. निघताना एक शिंक आली की थांबायचं, पाणी प्यायचं, गुळाचा खडा तोंडात टाकायचा, घटकाभर टेकायचं, मग निघायचं. लागोपाठ दोन आल्या तर पहिलीचा दोष गेला, खुशाल जायचं. आमच्या एस.टी.तही हेच: एक घंटी थांब, दोन घंट्या चल. एकतीस वर्षं दोरी ओढली, आणि हे दोन्ही कायदे एकाच माणसानं केले असणार अशी माझी खात्री आहे. दुसऱ्या गावी कुत्र्याची शिंक कोणी धरत नसतील. पण ही सोनारी. नाथाचं वाहनच कुत्रं. इथं माणूस शिंकला तर त्याला एक वेळ पडसं म्हणतील, कुत्र्याच्या शिंकेला पडसं म्हणायला कोणी धजत नाही. आणि कमल गेल्यानंतर दोनच महिन्यांत हिंमतराव शिंकायला लागले. तेही कोणी जायला उठलं की नेमके उंबऱ्यापाशी. कधी पाच, कधी सात, एकदा अकरा. एवढ्या शिंकांचा निकाल काय लावायचा, हा प्रश्न आला. विषम आल्या तर थांबायचं असा निवाडा मी दिला. (सम आल्या तर मधली एक मोजायची राहिली म्हणून सांगत असे. कंडक्टरच्या मोजणीला गावात कोणी आव्हान देत नाही.)

तुमचं काय झालं ते मला उगाळायचं नाही, पण अहवालात आलं पाहिजे. वर्षश्राद्ध आटोपलं, दुसऱ्या दिवशी दुपारी लातूरला तुमच्या अर्पिताचा साखरपुडा. नातीचा साखरपुडा, आजोबा म्हणून पहिली टोपी तुमची. पावणेसातच्या गाडीसाठी तुम्ही पिशवी उचललीत आणि हिंमतराव शिंकले. तुम्ही सायन्सवाल्यांच्या खात्यात नोकरी केलेले, मला वाटलं हसून निघाल. पण तुम्ही पिशवी ठेवलीत, पाणी प्यालात, गूळ खाल्लात, गाडी गेली. साडेआठच्या गाडीला तेच. दहाच्या गाडीला तेच. तुम्ही पोचलात तेव्हा मांडववाला खुर्च्या एकात एक घालत होता, आणि तुमची टोपी घालून मुलीचा मामा फोटोत उभा राहिला होता. मला सगळं कळलं. तुमच्या फोनवरून कळलं, वहिनींच्या फोनवरून कळलं, आणि तुमच्या शेजाऱ्यांनी फोन हातातून घेतला तेव्हाही कळलं.

तेव्हापासून उपचार सुरू. पहिला उपचार शेजारच्या कडूबाईंचा. (या एकट्याच असतात, मुलगा पुण्याला. सकाळी भाकरी आणून देतात आणि माझी भाजी कशी बिघडली ते सांगतात.) त्यांनी ओव्याचा वाफारा सांगितला. पातेलं मांडलं, हिंमतरावांना घोंगडीखाली घेतलं, ते एकटे थांबेनात म्हणून मीही आत शिरलो. दहा मिनिटांनी बाहेर आलो तेव्हा माझं नाक बारा वर्षांत झालं नव्हतं इतकं मोकळं झालं होतं. हिंमतराव मागच्या बाजूनं कधीच निसटले होते आणि घोंगडीत मी एकटाच घाम गाळत बसलो होतो. कडूबाई म्हणाल्या, "आवं दादा, कुत्र्याला दवा द्यायची हुती, तुमीच कशापायी घेतली?" त्या जायला उठल्या, हिंमतराव शिंकले, त्या परत बसल्या. दुपारपर्यंत त्यांच्या धाकट्या नणंदेची सगळी हकिगत झाली.

दुसरा उपचार देवळात. पुजाऱ्यांनी अंगारा लावला, पण औषध सांगायला साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, नाथाचं जनावर शिंकतंय म्हणजे काहीतरी अडवतंय, ते बंद करायला सांगणारे आपण कोण? मी म्हटलं, अहो, माझे मेहुणे येईनासे झालेत. ते म्हणाले, मग मेहुण्यांना आण, त्यांनाही अंगारा लावू. (घडीत थोडा अंगारा घातला आहे. पत्र उघडताना सांडला असेल तर तो तोच.)

तिसरा उपचार तालुक्याचा दवाखाना. एस.टी.त नेता आलं असतं, पण ज्या गाडीत मी लोकांच्या कोंबड्या उतरवल्या त्याच गाडीत कुत्रं घेऊन चढायचं माझं धाडस झालं नाही. म्हणून टेम्पोवाल्या श्रीमंतच्या गाडीतून गेलो, बाजारच्या नऊ शेळ्यांसोबत. हिंमतराव सगळ्या वाटेत एका बोकडाच्या पोटाखाली डोकं घालून बसले होते. दवाखान्यात नाव लिहिणाऱ्यानं मान वर न करता विचारलं, नाव? मी म्हटलं, हिंमतराव. तक्रार? शिंका. मग सवयीनं पुढचं: व्यायला किती दिवस झाले, दूध किती? त्यानं मान वर केली तेव्हा आम्ही दोघंही खजील उभे होतो. डॉक्टरीणबाई तरुण, फार मायाळू. बॅटरी लावून नाकात बघितलं आणि म्हणाल्या, काका, आतून सगळं सोललंय. रोज काहीतरी बारीक पूड नाकात जातेय. घरात मिरची कांडता का? गिरणी आहे का? तंबाखू, तपकीर? मी म्हटलं, घरात मी एकटा, आणि मला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. त्यांनी मिठाच्या पाण्यासारखे थेंब लिहून दिले, दिवसातून दोनदा. सांगायला सोपं आहे. थेंबाची बाटली दिसली की हिंमतराव बाजेखाली जातात, मी बाजेखाली गेलो की ते बाजेवर. आठवड्यात एक बाटली संपली, त्यातले चार थेंब त्यांच्या नाकात गेले असतील, बाकीचे माझ्या बाहीत.

चौथा उपचार आपल्या मंजुषाचा. तिनं पुण्याहून वाफेचं यंत्र पाठवलं आणि ते लावायला शिकवण्यासाठी व्हिडिओवर आली. बाबा, कॅमेरा त्यांच्याकडं करा. जवळ. अजून जवळ. नाक दाखवा. बारा मिनिटं बोलणं झालं, त्यात माझं तोंड तिला एकदाही दिसलं नाही. तरी बारा मिनिटं झाली. एरवी चार होतात. पोरीला बोल लावत नाही, तिची नोकरी, दोन मुलं, तिला श्वास घ्यायला सवड नाही. पण पुढच्या रविवारी तिनं फोन केला तेव्हा मी कॅमेरा आधीच कुत्र्याकडं करून ठेवला होता.

इतकं करूनही फरक पडेना. आषाढात एका दुपारी भुरभुर चालू होती. कडूबाई भाजीचं भांडं घेऊन निघाल्या, हिंमतराव उंबऱ्याशी गेले, मान वर केली, पण शिंक आलीच नाही. नाकातून रक्त आलं. दोन थेंब फरशीवर पडले, तिसरा त्यांनी स्वतःच चाटला आणि माझ्याकडं बघितलं. राव, मी एकतीस वर्षांत दोन अपघात बघितलेत, पाणी कुठं ठेवलंय ते कधी विसरलो नव्हतो. त्या दिवशी विसरलो. ओलं फडकं त्यांच्या नाकावर धरून मी उंबऱ्यात बसलो, त्यांचं डोकं मांडीवर, आणि दिवे लागेपर्यंत उठलो नाही. हे गेले तर या घरात मी बोलायचं कोणाशी, दुसरं काही सुचेना. कमल गेली तेव्हा रडायला माणसं होती. या खेपेला कुत्र्यासाठी रडतोय म्हणून लोक हसतील, ही भीती वेगळीच.

पण सांगायला आनंद वाटतो की त्या दिवसानंतर पंधरा दिवसांत हिंमतरावांचं नाक पूर्ण बरं झालं. कशानं झालं ते वैद्यकशास्त्रालाच माहीत. आता शिंक नाही, सर्दी नाही, नाक काळंभोर आणि थंडगार. तुम्ही सरकारी माणूस, तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवणार नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंकडून तसा दाखला घेतला आहे. (त्या हसल्या, पण शिक्का मारला.) छायांकित प्रत सोबत जोडली आहे. अट पूर्ण झाली असं समजावं.

बाकी गावात ठीक. पोळ्यापासून कडूबाई लेकाकडं गेल्या आहेत, दिवाळीनंतर येतील. अधूनमधून कोणी येतं, कागदावर सही घ्यायला, शिडी मागायला. काम झालं की "येतो" म्हणतात आणि खरंच जातात. कोणी टेकत नाही. गुळाचा डबा श्रावणात भरला होता तो तसाच आहे, वरच्या खड्यांना मुंग्या लागल्या. सकाळी दोन कप चहा करतो, एक पितो, दुसराही मीच पितो. जनावर बरं झालं, घर गप्प झालं.

कळावे, लोभ असावा. राग असला तरी चालेल, पण तो इथं येऊन काढावा.

तुमचा दाजी,
उत्तरेश्वर

ता. क. डॉक्टरीणबाईंनी तपकिरीचं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो नाही, पण पूर्ण प्रवासाला अर्धं तिकीट फाडलं. तुमच्या बहिणीची तपकिरीची पितळी डबी तुम्हाला आठवत असेल, तुम्हीच जत्रेतून आणून दिली होतीत. ती गेल्यावर डबी कोनाड्यात ठेवली. लुगडी मंजुषानं वाटून टाकली होती, तिचा वास आता त्या डबीलाच उरला होता, म्हणून हिंमतराव रोज तिथं जाऊन हुंगायचे. एकदा झाकण सैल राहिलं, ते शिंकले, आणि निघालेल्या कडूबाई पुन्हा बसल्या. तासभर घरात माणसाचा आवाज होता. दुसऱ्या दिवशी झाकण मी सैल ठेवलं. आठवड्याभरात डबी कोनाड्यातून उंबऱ्यालगत आली. उपचार चालू होते तेव्हाही ती तिथंच होती. सकाळी थेंब घालायचे आणि दुपारी झाकण काढायचं, असा माझा कारभार. वैजनाथराव, माघातली ती पहिली शिंक देवाची धरा. दुसरी आणि तिसरी माझी. तुम्ही "व्हय का?" म्हणता ना, अगदी तिच्यासारखं म्हणता. तो आवाज अजून एका गाडीपुरता घरात राहावा, एवढाच लोभ होता. त्यात तुमच्या नातीचा साखरपुडा बुडेल एवढा विचार मी केला नाही. चुकलो. अर्पिताचीही माफी मागायची आहे, पण तिला काय सांगावं ते कळत नाही.

ता. क. दुसरी. रक्त आलं त्याच दिवशी डबीला झाकण लावलं, वरून चिंधी बांधली आणि ट्रंकेत टाकून कुलूप घातलं. हिंमतराव आता ट्रंकेला टेकून झोपतात. कडूबाईंना सगळं खरं सांगून टाकलं. मला वाटलं चार शब्द ऐकवतील. त्या म्हणाल्या, "म्या कवाच बघितलं हुतं, दादा. पर बसायला निमित्त मलाबी पायजेच हुतं की."

ता. क. तिसरी, आणि खरं तर पत्र एवढ्यासाठीच. दसऱ्याच्या आधी दोन दिवस या. या खेपेला निघताना शिंक येणार नाही, आणि तीच पंचाईत आहे. मला तोंडानं थांबा म्हणता येत नाही. उभी नोकरी दोरी ओढून भागवलं. कमलच्या शेवटच्या दिवशीही नुसता हात धरून उभा राहिलो, तो शब्द काही आला नाही. म्हणून आताच लिहून ठेवतो: थांबा. येताना हे पत्र बरोबर आणा. तुम्ही पिशवी उचललीत की मी एवढ्या शब्दावर बोट ठेवीन. मग जायचं की बसायचं ते तुम्ही ठरवा, गाडीच्या वेळा मी खऱ्या सांगीन.

ता. क. चौथी. पाकीट चिकटवून, चपला घालून टपालपेटीकडं निघालो आणि हिंमतराव शिंकले. ट्रंकेला कुलूप आहे, किल्ली माझ्या जानव्याला, म्हणजे ही शिंक खरी. एकच आली तर पत्र फाडून टाकायचं असं मनाशी ठरवून उंबऱ्यात तसाच उभा राहिलो. बराच वेळ उभा होतो, वैजनाथराव. ते माझ्याकडं बघत होते, मी त्यांच्या नाकाकडं. शेवटी दुसरी आली. पाकीट पुन्हा उघडून एवढं लिहिलं. आता टाकतो.